गोल, त्रिकोण, त्रिकोण... पुढे काय?

जून महिना आला की आपल्या गावच्या स्टेशनरीच्या दुकानात दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या यांच्याबरोबर नर्सरी-केजीच्या रंगीत वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात. साडेतीन-चार वर्षांच्या लेकरांच्या वह्या! त्यात अक्षरं असतात, अंक असतात आणि एक पान हमखास आकारांचं असतं. एका ओळीत गोल, त्रिकोण, गोल, त्रिकोण असं काढलेलं आणि शेवटी एक रिकामी चौकट. 'पुढे काय येईल ते काढा.' पान दिसायला अगदी साधं. पण या पानावरून घराघरात केवढी रडारड होते, हे रोज संध्याकाळी लेकराला घेऊन बसणाऱ्या आईला विचारा. एकीकडे कुकरची शिट्टी, दुसरीकडे पेन्सिल फेकून दिलेलं पोर आणि मनात एकच धास्ती, 'माझं मूल मागे तर पडत नाही ना?'

मैत्रिणींनो, गंमत अशी आहे की ज्या गोष्टीसाठी ही सगळी रडारड चालते, ती गोष्ट आपल्या बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त तिला गणित म्हणतात हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. म्हणून आज जरा त्याविषयीच बोलू या.

बचत गटाच्या कामानिमित्त माझं वस्त्यांमधून जाणं-येणं असतं. मध्यंतरी एका बैठकीनंतर एक तरुण आई मुलीची वही घेऊन थांबली. म्हणाली, "ताई, शाळेतून सांगितलंय की हिला आकार कळत नाहीत, ट्यूशन लावा. आता फी भरायची का ट्यूशनचे पैसे द्यायचे?" मी वही पाहिली. ओळीत गोल, त्रिकोण, त्रिकोण, गोल असे चार आकार होते आणि पुढे रिकामी जागा. मुलीने तिथे गोल काढला होता आणि त्यावर ठसठशीत लाल फुली होती. शाळेला तिथे त्रिकोण हवा होता. मी मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, "इथे गोल का गं काढलास?" ती पटकन म्हणाली, "दोन त्रिकोण झाले ना, मग दोन गोल."

आता तुम्हीच सांगा, हिचं काय चुकलं? गोल, मग दोन त्रिकोण, मग दोन गोल, मग पुन्हा दोन त्रिकोण. तिने एक नियम शोधला होता आणि तो तिच्या डोक्यात पक्का होता. वहीवाल्यांनी चारच आकार दाखवले. तेवढ्यावरून 'गोल-त्रिकोण-त्रिकोण' हीच गोष्ट परत परत येते आहे, हे मोठ्या माणसालाही सांगता येणार नाही. चूक पानाची आणि फुली मात्र पोरीच्या वहीवर! त्या पोरीला कुणी 'का' असं विचारलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लहान मुलाला आकारांची ओळ शिकवताना 'पुढे काय?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'यात परत परत काय येतंय?' आणि 'तुला ते कसं कळलं?' हे खरे प्रश्न आहेत. आणि ते विचारायला ट्यूशनवाली बाई लागत नाही. ते आई विचारू शकते, आजी विचारू शकते, अंगणवाडीची ताई विचारू शकते.

शाळेच्या पुस्तकात या प्रकाराला 'आकृतिबंध' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण अर्थ सोपा. काही वस्तू, आकार किंवा आवाज एका ठरावीक क्रमाने येतात आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा येत राहतो. जो भाग पुन्हा येतो, त्याला आपण 'कडी' म्हणू या. साखळीला जशा एकासारख्या एक कड्या असतात, तशी ही कडी. 'गोल-त्रिकोण' ही दोन आकारांची कडी. 'गोल-त्रिकोण-त्रिकोण' ही तीन आकारांची. मुलाला कडी दिसली की पुढचा आकार त्याला आपोआप कळतो. कडी दिसली नाही, तर तो नुसता अंदाज. अंदाज बरोबर आला तर स्टार मिळतो, चुकला तर फुली. पण शिकणं दोन्ही वेळा झालेलं नसतं.

आता जरा आपल्या घरात नजर टाका. विदर्भातल्या करवतकाठी साडीचा काठ बघा. करवतीच्या दातांसारखे टोकदार त्रिकोण एका ओळीत शेजारी शेजारी. विणणाऱ्याने एक दात कमी-जास्त केला तर आपल्या डोळ्याला लगेच खुपतं. दारावरचं तोरण बघा, आंब्याचं पान, झेंडू, आंब्याचं पान, झेंडू. गजरा करताना दोन मोगरे आणि एक अबोली असा क्रम धरला की हात आपोआप चालतो. गोधडी शिवताना एक चौकोन छापील कापडाचा, एक साधा. उंबऱ्यावरच्या रांगोळीची कड काढताना गोल, पाकळी, गोल, पाकळी. यातली कुठलीही गोष्ट करताना आपण कधी म्हणतो का, की मी गणित करते आहे? उलट बैठकीत बायका सांगतात, "ताई, आम्हाला कुठलं आलंय गणित! आम्ही सातवी शिकलेल्या." अहो, तोरणात पुढे पान येणार की झेंडू, हे ज्या बाईला न बघता कळतं, तिला आकृतिबंध येतो. फक्त तिने तो आपल्या लेकराला बोलून दाखवलेला नसतो.

आणि हे फक्त बायकांचंच आहे असं नाही. फरशी बसवणारा बाबा एक काळी, एक पांढरी फरशी लावत जातो. गवंडी विटेचा थर लावताना वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर ठेवतो, पुढच्या थराला पुन्हा तसंच. बाबा घरी आल्यावर त्यांनी पोराला बरोबर नेऊन एखादी भिंत दाखवावी. "बघ बरं, यात परत परत काय येतंय?" हा प्रश्न बाबांच्या तोंडूनही छान शोभतो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्यात? चार आकार पुढेमागे झाले म्हणून काय बिघडतं? तर ऐका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या पाचशेहून अधिक मुलांचा वयाच्या चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लहानपणीच्या कोणत्या गोष्टींवरून पाचवीतल्या गणिताचा अंदाज येतो, हे त्यांनी पाहिलं. त्यात मोजणं होतं, कमी-जास्त ओळखणं होतं आणि त्यांच्या जोडीला आकृतिबंध ओळखणंही होतं. आता एवढ्यावरून 'आकृतिबंध आला की पोरगं गणितात पहिलं' असं कुणी म्हणू नये. पण ज्याला आपण टाइमपास समजतो, तो खेळ पुढच्या गणिताच्या पायाशी आहे, एवढं तरी त्यातून दिसतं. आणि ती मुलं श्रीमंतांची नव्हती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्या रोजच्या अभ्यासातही हे दिसतं. पाचाचा पाढा घ्या. शेवटचा अंक पाच, शून्य, पाच, शून्य. गोल, त्रिकोण, गोल, त्रिकोणासारखंच की! दोनाच्या पाढ्यात शेवटी दोन, चार, सहा, आठ, शून्य आणि पुन्हा दोन, चार, सहा, आठ, शून्य. ज्या मुलाला कडी शोधायची सवय आहे, त्याला पाढा पाठ करताना आधार मिळतो. ज्याला नाही, तो नुसता घोकत बसतो. आठवतं ना, २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता? 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असंही त्या पुस्तकात दिलं होतं. खूप चेष्टा झाली. तो वाद बाजूला ठेवू. पण 'वीस एक, वीस दोन, वीस तीन' आणि मग 'तीस एक, तीस दोन, तीस तीन' असं म्हटलं की त्यातला परत येणारा भाग कानाला ऐकू येतो, हे तर खरंच आहे. आकड्यांमध्येही कडी असते, ती मुलाला सापडली पाहिजे.

मग घरी करायचं कसं? सुरुवात वहीने मुळीच करू नका. सुरुवात अंगाने करा. तीन वर्षांच्या मुलाला समोर बसवा आणि 'टाळी, मांडी, टाळी, मांडी' असं वाजवत चला. तोंडाने म्हणत, हाताने वाजवत. थोड्या वेळाने मूल आपोआप सामील होतं. मधेच तुम्ही थांबा. ते पुढची टाळी वाजवतं का बघा. वाजवली, की समजा कडी त्याच्या अंगात उतरली. भोंडल्याच्या फेरात, फुगडीत, झिम्म्यात आपण दुसरं काय करतो? तालावर पाय पडतात, टाळ्या पडतात. मुलांना कडेवर घेऊन त्या फेरात उभं राहा. शिकवायचं म्हणून नको, आपलं मजेत.

त्यानंतर वस्तू. विकतच्या खेळण्याची गरज नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच, त्यांचा जाड कागद उत्तम. वाटी किंवा बांगडी ठेवून पेन्सिलने गोल आखा आणि कापा. त्याच मापाचे चौकोन कापा. काही चौकोन तिरके दुमडून मधोमध कापले की एकाचे दोन त्रिकोण तयार. प्रत्येक आकाराचे आठ-दहा तरी करा. एका गोष्टीची काळजी घ्या. सगळे आकार एकाच रंगाचे ठेवा, छापील बाजू खाली. नाहीतर काय होतं, आपण विचारतो आकाराविषयी आणि मूल बघत असतं रंगाकडे. लाल गोल, पिवळा त्रिकोण, पिवळा गोल असं समोर आलं की ते गोंधळतं आणि आपण म्हणतो, 'याला कळतच नाही.' एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या. आधी नुसता आकार. रंगाचा खेळ वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र अगदी शेवटी.

आता जमिनीवर गोल, त्रिकोण, गोल, त्रिकोण, गोल, त्रिकोण असं मांडा. म्हणजे कडी तीन वेळा पूर्ण झाली पाहिजे. हे फार महत्त्वाचं. कडी एकदाच दाखवून पुढचं विचारणं हा मुलावर अन्याय आहे. निदान दोनदा, शक्यतो तीनदा पूर्ण दाखवा. मग बोट ठेवत मोठ्याने म्हणा. मूल तुमच्याबरोबर म्हणेल. मग पहिली पायरी, 'तू पण खाली अस्संच मांड.' म्हणजे नुसती नक्कल. ती जमली की दुसरी पायरी, 'आता पुढे वाढव.' तिसरी पायरी, मधला एक आकार हळूच झाकायचा आणि विचारायचं, 'इथे कोण लपलंय?' ही पायरी मुलांना फार आवडते. चौथी पायरी, तुम्ही मुद्दाम एका जागी चुकीचा आकार ठेवा आणि म्हणा, "बाळा, माझं काहीतरी चुकलंय बघ." आईची चूक काढायला मिळाली की पोरांना कोण आनंद! आणि चूक शोधायची तर कडी माहीत असावीच लागते. म्हणजे हसत-खेळत परीक्षाही होऊन गेली.

दोनाची कडी पक्की झाली की तीन आकारांची घ्या. 'गोल-त्रिकोण-त्रिकोण' किंवा 'गोल-गोल-चौकोन'. इथे बरीच मुलं अडखळतात, घाबरू नका. ती पुन्हा एक गोल, एक त्रिकोण असंच मांडू लागतात, कारण आधीची सवय. कधीकधी ओळ मधेच तोडलेली असते. म्हणजे गोल-त्रिकोण-त्रिकोण, गोल-त्रिकोण-त्रिकोण, गोल... इथपर्यंत आणून तुम्ही थांबलात, तर मूल पुन्हा गोलापासून सुरुवात करतं. त्याला वाटतं, आता माझी पाळी, म्हणजे पहिल्यापासून. यात त्याचा दोष नाही. सुरुवातीला नेहमी कडी पूर्ण झाल्यावरच थांबा. दोन कड्यांच्या मध्ये एक काडी ठेवा किंवा थोडी जागा सोडा. 'गोल-त्रिकोण-त्रिकोण' असं गाण्यासारखं चालीवर म्हणा, दर कडीच्या सुरुवातीला थोडा जोर देऊन. डोळ्याला जे दिसत नाही ते पुष्कळदा कानाला कळतं. चार-आठ दिवसांनी काडी काढून घ्या. मग कधीतरी कडी अर्धी ठेवून बघा. 'गोल-गोल-त्रिकोण-चौकोन' अशी चार आकारांची कडी पाच-साडेपाच वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी वह्यांमध्ये क्वचितच असते. मुलाने 'गोल-त्रिकोण-त्रिकोण' मांडलं की त्याला म्हणा, "आता हेच टाळ्या-चुटक्यांनी करून दाखव." टाळी-चुटकी-चुटकी, टाळी-चुटकी-चुटकी. किंवा "हेच बटाटा आणि कांद्यांनी मांड." बटाटा-कांदा-कांदा. ज्या दिवशी मुलाला हे जमेल, त्या दिवशी मनातल्या मनात पेढे वाटा. कारण आता त्याने वस्तू सोडून नियम धरला. कपडे बदलले तरी माणूस तोच, हे त्याला कळलं. गणित म्हणजे शेवटी हेच असतं.

स्वयंपाकघरात तर यासाठी साहित्याची खाणच आहे. दिवाळीत शंकरपाळे करताना काही चौकोनी कापा, काही त्रिकोणी. ताटात मांडायला पोराला बसवा. काकडीच्या गोल चकत्या आणि पापडाचे त्रिकोणी तुकडे ताटाच्या कडेने लावायला सांगा. ताटाची कड गोल असते, त्यामुळे शेवटची कडी पहिलीला नीट जुळते का, हा आणखी एक मजेदार प्रश्न तयार होतो. भेंडीचं देठ कापून रंगात बुडवून कागदावर ठसा उमटवा, चांदणीसारखं फूल येतं. बटाट्याचा अर्धा भाग कोरून चौकोनी ठसा करता येतो. फूल-चौकोन-फूल-चौकोन अशी एक पट्टी तयार झाली की ती भिंतीवर लावा. पाहुण्यांना सांगा, "हा काठ आमच्या सोनूने काढलाय." शाळेच्या स्टारपेक्षा हे बक्षीस मोठं.

मुलांच्या बोलण्यातल्या आकारांकडेही थोडं लक्ष असू द्या. पुस्तकात त्रिकोण नेहमी टोक वर करून बसलेला असतो. त्यामुळे टोक खाली केलं की मूल म्हणतं, 'हा त्रिकोण नाही.' म्हणून त्रिकोण फिरवून, उलटा करून, आडवा करून दाखवा. घडीच्या पोळीची घडी त्रिकोणी, समोसा त्रिकोणी, मिरवणुकीतली पताका त्रिकोणी आणि ती तर टोक खाली करूनच लटकते. तीन बाजू, तीन कोपरे, की झाला त्रिकोण. कोपऱ्यावरून मुलाचं बोट फिरवा. बोटाला टोचलं की डोक्यात राहतं.

आता काही पथ्यं. एक, वेळ. दहा मिनिटं पुरेत. मूल उठून पळालं तर पळू द्या. दोन, फुली नको. चुकलं तर 'चूक' म्हणण्याआधी 'कसं काय केलंस, सांग बरं' असं विचारा. निम्म्या वेळा त्याच्याकडे चांगलं कारण असतं. ते कारण ऐकून घ्या आणि मग म्हणा, "अच्छा, तुझी कडी अशी आहे होय? आता माझी बघ." तीन, शेजारच्या मुलाशी तुलना नको. कुणाला हे साडेतीनला येतं, कुणाला पाचला. चार, मोबाइलवरचे आकारांचे खेळ हातातल्या वस्तूंची बरोबरी करत नाहीत. तिथे बोट लागलं की टुणकन आवाज येतो आणि पोर अंदाजाने बोट लावत सुटतं. पाच, आणि हे नीट ऐका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात मणी, चिंचोके, बटणं, हरभरे देऊ नका. ती नाकात जातात, घशात अडकतात. मोठ्या मुलांनाही अशा वस्तू आपल्या नजरेसमोरच द्या. जुन्या घरात लाल-काळ्या गुंजा सापडतात, त्या दिसायला फार गोड. पण गुंजेचं बी विषारी असतं. ते खेळायला मुळीच नको.

आता थोडं शाळांविषयी. गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस आली की अंगणवाडीतली मुलं कमी होतात, हे आपण सगळ्याच पाहतो. आईबापांचा दोष नाही. प्रत्येकाला आपलं लेकरू पुढे जावंसं वाटतं. पण अंगणवाडीत 'नुसतं खेळवतात' म्हणून तिथून काढायचं आणि जिथे चार वर्षांच्या मुलाला दोन तास पेन्सिल धरून बसवतात तिथे फी भरायची, हा हिशोब तपासून पाहायला हवा. त्या वयात हाताचे स्नायू अजून तयार होत असतात. मुलाला त्रिकोण ओळखता येतो, मांडता येतो, पण कागदावर काढता येत नाही. मग वहीत वाकडातिकडा त्रिकोण येतो आणि शेरा मिळतो 'आकार कळत नाहीत'. कळणं वेगळं आणि काढणं वेगळं. हे दोन्ही एकत्र मोजलं की मुलावर अन्याय होतो.

आपल्या महाराष्ट्राला तर या बाबतीत दुसऱ्याकडे बघायची गरजच नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना माहीत होती, पण त्या पद्धतीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यांवर परवडणारं नव्हतं. मग त्यांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंमधून शिक्षणाचं साहित्य उभं केलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, त्यामागून आलेल्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून, वस्तू हाताळत शिकण्यावरच भर दिला आहे. म्हणजे बोर्डीच्या अंगणात जे होत होतं, तेच पंचाहत्तर वर्षांनी दिल्लीच्या कागदावर आलं!

पण कागदावर आलं म्हणजे आपल्या गल्लीत आलं असं होत नाही. अंगणवाडीच्या ताईच्या डोक्यावर आहार, वजनं, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलमधली माहिती असा कामांचा डोंगर असतो. तिच्याकडून सगळी अपेक्षा करून चालणार नाही. आपण काय करू शकतो? अंगणवाडीत पालकांची सभा होते, तिला जायचं. घरून पत्रिकेचे कापलेले आकार घेऊन जायचे. चार आयांनी प्रत्येकी वीस आकार दिले तर ताईकडे ऐंशी आकारांची पिशवी तयार होते. बचत गटाने ठरवलं तर एका दुपारी बसून गावातल्या सगळ्या अंगणवाड्यांना पुरतील एवढे आकार कापून होतील. त्यात हळदीकुंकवाच्या वाणाएवढाही खर्च नाही. खरं तर वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी आकारांची एक छोटी पिशवी दिली तर?

आणि ज्यांची मुलं फी भरून शाळेत जातात, त्यांनीही गप्प बसू नये. पालकसभेत आपण मागे मागे बसतो. इंग्रजी येत नाही म्हणून तोंड उघडत नाही. पण हा प्रश्न मराठीत विचारायचा आहे आणि तो अगदी साधा आहे. "मॅडम, ही ओळ कडी दोनदा पूर्ण होईल एवढी का दाखवत नाही?" "फुली मारण्याआधी मुलाला कारण विचारता का?" "लिहून घेण्याआधी वस्तू हाताळायला देता का?" चांगल्या शिक्षिकेला या प्रश्नांचा राग येणार नाही, उलट बरं वाटेल. अशा शिक्षिका आपल्या लहान गावांतही पुष्कळ आहेत. त्यांच्यावरही वह्या भरून दाखवण्याचं दडपण असतं. पालकांनीच 'वही भरली नाही तरी चालेल, मुलांना खेळू द्या' असं म्हटलं तर त्यांचेही हात मोकळे होतील. कारण खरं सांगायचं तर वही भरलेली बघायची घाई शाळेपेक्षा आपल्याला जास्त असते.

दिवस-रात्र, सोमवार-मंगळवार, आठवड्याचा बाजार, अमावस्या-पौर्णिमा, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा... आपलं सगळं जगणंच परत परत येणाऱ्या कड्यांनी बांधलेलं आहे. मूल ते पाहत मोठं होतं. त्याला फक्त कुणीतरी शेजारी बसून बोट दाखवणारं हवं असतं. ते बोट रागाने रोखलेलं नसावं आणि त्यात लाल पेनही नसावं. उद्या दाराला तोरण ओवायला बसाल तेव्हा लेकराला मांडीशी घ्या, एक पान तुम्ही ओवा, एक झेंडू त्याला ओवू द्या आणि मधेच हात थांबवून विचारा, "सांग बरं, आता कोणाची पाळी? आणि तुला कसं कळलं?"